वीस दिवसांची वाट

येडबा देवकते बोकडांबरोबर विमानात बसून शारजाला गेला आणि चौथ्या दिवशी सकाळी झरीच्या फाट्यावर एसटीतून उतरला. वस्तीवर त्याला येताना पाहून त्याची बायको भिवराबाई हातातली शेणाची पाटी तशीच टाकून पुढं धावली. तिला वाटलं, याला अर्ध्या वाटेवरून हाकलून दिलं. तिनं महिनाभर पुरतील अशा दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि गुळाचे खडे बांधून दिले होते. त्यातल्या निम्म्याहून जास्त दशम्या पिशवीत तशाच होत्या.

"काय झालं? नेलं न्हाई का तुमाला?"

"जाऊन आलो," येडबा म्हणाला आणि लिंबाखाली मटकन बसला.

"असं कसं जाऊन आलो? परमुलूख हाय का झरीचा बाजार?"

 येडबा ताप आलेल्या माणसासारखा डोळे मिटून बसला होता. भिवराबाईनं पाणी आणलं, तेही त्यानं हातात नुसतं धरून ठेवलं.

येडबाचं वय पन्नाशीच्या पुढचं. सगळा जन्म मेंढरांमागं गेलेला. दिवाळी झाली की मेंढरांचा खांडवा घेऊन निघायचं, गंगाखेडच्या अंगानं गोदावरी ओलांडायची, परळीकडच्या डोंगरात उन्हाळा काढायचा आणि मृगाच्या तोंडावर परत वस्तीवर यायचं. बाप तसाच चालला, आजा तसाच चालला. येडबा अंतर मुक्कामात मोजायचा. गंगाखेड किती लांब विचारलं तर म्हणायचा, सात मुक्काम. मोटारसायकलवाला तेच अंतर दीड तासात कापतो हे त्याला ठाऊक होतं, पण ती त्याच्या लेखी वाट नव्हतीच. ज्या वाटेवर जनावर चरत नाही, माणूस निजत नाही, ती कसली वाट?

त्याला एकच भाऊ, सटवाजी, दहा-बारा वर्षांनी धाकटा. नऊ वर्षांपूर्वी ओळीनं दोन साल पावसानं दगा दिला, चारा उरला नाही, निम्मा खांडवा विकून टाकावा लागला. तेव्हा परभणीत एक एजंट आला होता. अरबाच्या मुलखात मेंढरं राखायला माणसं पाहिजेत म्हणून तो वस्त्या-वस्त्यांवर फिरत होता. सटवाजीच्या लग्नाला दोन वर्षं झाली होती. बायको दैवशाला रडली, आई सरजाबाई रडली, तरी तो गेला. "मेंढरंच राखायचीत की," तो म्हणाला, "इथं काय आन् तिथं काय."

तो गेला आणि त्याचा पत्ताच लागेना. घरात सगळे हवालदिल. विसाव्या दिवशी फोन आला, "दादा, पोचलो." फोन लगेच तुटला. पण तेवढ्यावरून घरात एक गोष्ट पक्की झाली, की सटवा वीस दिवसांच्या वाटेवर आहे. विमानानं वीस दिवस, म्हणजे पायी किती, याचा हिशेब करायचंही कुणाला धाडस झालं नाही. वस्तीवर कुणी विचारलं तर सरजाबाई अभिमानानं आणि दुःखानं सांगायची, "इमानानं वीस दिस लागत्यात माज्या लेकाकडं जायाला."

पुढं दोन-तीन महिन्यांतून एकदा फोन यायचा. पाण्याचा टँकर घेऊन येणाऱ्या कुणा ड्रायव्हरच्या फोनवरून सटवाजी बोलायचा. मागून वाऱ्याचा आवाज यायचा. आधी पैसे यायचे, मग तेही आटले. "येनार कव्हा?" विचारलं की त्याचं एकच उत्तर असायचं, "लय लांब हाय दादा. जमंना." घरच्यांना ते पटायचं. वीस दिवस यायचे, वीस दिवस जायचे, एवढी रजा कोण देणार?

दोन वर्षांपूर्वी वैशाखात सरजाबाईनं अन्न सोडलं. म्हातारी शुद्धीवर होती, नुसती वाळत चालली होती. ती म्हणाली, "सटवाला बलवा."

खांडवा डोंगरात सोडून आलेला येडबा उशाशी बसला होता. "माय, आज निगाला तरी वीस दिसानं पोचंल गं त्यो."

"मग म्या थांबते वीस दिस," सरजाबाई म्हणाली.

येडबानं सटवाजीला फोन केला नाही. म्हातारी वीस दिवस टिकणार नाही हे डोळ्यांना दिसत होतं. एवढ्या लांब एकट्या माणसाला कशाला रडवायचं, यायचं तर होणार नाहीच. आईला मात्र त्यानं सांगितलं, निगालाय. रोज सकाळी ती विचारायची, "आता कुठवर आला असंल?" येडबाला काय माहीत कुठवर! तो आपल्या परीनं सांगायचा, "आरबाचा मुलूख सोडला," "समिंदराला लागला," "निम्मा समिंदर झाला." म्हातारी डोळे मिटून ऐकायची. समुद्राच्या मधोमध लेकाला सोडून आठव्या दिवशी ती गेली. त्याच दुपारी माती झाली. नंतर सटवाजीचा फोन आला तेव्हा त्याला कळलं. पलीकडून वारा तेवढा ऐकू आला.

हे सगळं असं होतं. आणि यंदा खांडवा लवकर परतला होता; उन्हाळ्यातच, बकरी ईदच्या आधी, बन्सीधर वस्तीवर आला.

बन्सीधर शेरडं-बोकडांचा व्यापारी. बाजार-बाजार फिरून तो बोकड घ्यायचा आणि नाशिकच्या एका माल पाठवणाऱ्याला पुरवायचा. तिथून ते विमानानं शारजाला जायचे. प्रत्येक खेपेला जनावरांबरोबर दोन माणसं जातात, एक स्वतः बन्सीधर आणि दुसरा त्याचा गडी. गड्याचा पाय मोडला होता.

"येडबा, तू चल," तो म्हणाला. "बाहेर हिंडायचं न्हाई, शहर बघायचं न्हाई. जनावरं उतरली की त्याच इमानात माघारी. पासपोर्टचं मी बगतो."

येडबा पुढं सरकला. "शारजा म्हंजे आमचा सटवा हाय त्योच मुलूख का?"

"त्योच. पर तुला भेटता यायचं न्हाई, आदीच सांगतो."

येडबानं मागचा पुढचा विचार केला नाही. भेट नाही तर नाही, भाऊ ज्या मातीवर उभा आहे त्या मातीला पाय तरी लागेल. पासपोर्ट आला, पोलीस चौकशीला माळावर येऊन गेला, आणि निघायचा दिवस ठरला. बन्सीधर म्हणाला होता, चार दिवसांत परत. भिवराबाईला ते खरं वाटलं नाही, येडबालाही नाही. व्यापारी माणूस, गडी मिळावा म्हणून गोड बोलणारच. म्हणून तिनं महिन्याची शिदोरी बांधली. दैवशालानं बाजरीच्या खारोड्यांचं एक गाठोडं आणून येडबाच्या पायाशी ठेवलं. ती दिरापुढं कधी मोठ्यानं बोलायची नाही. त्या दिवशी मान खाली घालूनच म्हणाली, "दादा, भेटले तर द्या. न्हाई भेटले तर कुणाच्या हाती द्या. त्यायच्याच मुलकात ऱ्हाऊ द्या, माघारी आनू नका."

नाशिकला विमानतळावर बोकड लाकडी पिंजऱ्यांतून चढवले. पिंजऱ्यावर पिंजरा, मजल्यावर मजला. पाच-सहाशे जनावरांचं ओरडणं, लेंड्यांचा वास, पायाखाली लोखंडाचा पत्रा. खिडकी नाही. विमान म्हणजे चाकांवरचं मोठं गोदामच होतं. दार लावायच्या आधी येडबानं सवयीनं सूर्य कुठं आहे ते पाहिलं. दिवस दोन कासरे वर आला होता. मेंढरं सोडून माळाला लागायची वेळ.

विमान धावायला लागलं. त्यानं पट्टा घट्ट धरला. जमीन सुटली आणि एक अचंबा झाला. इतका वेळ कालवा करणारी सगळी जनावरं एकदम गप्प झाली. एक बोकड ओरडेना. येडबानं आयुष्यात एवढी जनावरं एवढी गप्प कधी पाहिली नव्हती, जाळ्याची वाघर तोडून लांडगा आत शिरला तरी नाही.

थोड्या वेळानं बन्सीधरनं त्याला उठवलं. दोघं पिंजऱ्यांमधून फिरले, पाणी दाखवलं, एकदोन बसकी जनावरं उठवली. थंडी वाजत होती. येडबानं दशमी काढून खाल्ली, बन्सीधरला दिली. मग बोकडांच्या अंगाची ऊब घेत तो टेकून बसला आणि मनाशी ठरवून टाकलं, की आता वीस दिवस असंच. निजायचं कुठं, पाणी कुठून घेणार, विमान मधे मुक्कामाला उतरतं का, हे विचारायचं त्याच्या मनात होतं. तेवढ्यात कानात दडे बसले. विमानाची चाकं जमिनीवर आदळली.

येडबा दचकला. "काय झालं? इंजन बिगाडलं का? माघारी आलो?"

बन्सीधर पट्टा सोडत होता. "माघारी कशाला? आलं शारजा."

"गंमत करू नकोस बन्सीधर."

"आरं, गंमत कसली? तीन तास लागतात. नाशिकपासून दोन हजार किलोमीटर बी न्हाई पुरं."

दार उघडलं. भट्टीचं झाकण काढल्यासारखी हवा आत आली. येडबा पायऱ्यांच्या तोंडाशी आला. पांढरी जमीन, पांढरं आभाळ, लांबवर काचेच्या इमारती, कळत नाही अशा अक्षरांत लिहिलेल्या पाट्या. त्यानं वर पाहिलं. सूर्य अजून डोक्यावर आला नव्हता. मेंढरं पाण्यावर न्यायची वेळसुद्धा झाली नव्हती! सकाळी माळाला सोडलेला खांडवा दुपारी ओढ्यावर न्यावा, तेवढ्या वेळाच्या आत तो भावाच्या मुलखात उभा होता.

"तीन तास," तो म्हणाला. "बन्सीधर, तीन तास?"

"आता बास कर, खाली उतर. पिंजरे काढायचेत."

येडबा पायऱ्यांच्या तोंडाशीच उभा राहिला. त्याला आईचा आवाज ऐकू येत होता. आता कुठवर आला असंल? समिंदराला लागला गं माय. निम्मा समिंदर झाला. तो पायरीवर बसला. आठ दिवस म्हातारी जीव धरून होती. आठ दिवसांत सटवा किती वेळा आला असता आणि गेला असता! सकाळी फोन केला असता तर दुसऱ्या दिवशी तो तिच्या उशाशी असता. तिनं वीस दिवस थांबायची तयारी केली होती, आणि एका दिवसाहून जास्त थांबायची गरज नव्हती.  येडबा तोंड उघडून नुसता श्वास घेत राहिला. बन्सीधर घाबरला. त्याला वाटलं, उन्हाचा झटका बसला.

खाली पिंजरे उतरवणाऱ्या माणसांपैकी एकजण पाण्याची बाटली घेऊन वर आला. पिवळा अंगरखा, दाढी, चाळिशीचा माणूस. त्यानं विचारलं, "क्या हुआ मामू? कां से आए?"

ते बोलणं कानावर पडलं आणि येडबानं मान वर केली. बाजारात, खाटकांशी, बागवानांशी तो जन्मभर याच दखनी बोलीत बोलला होता. "परभनी," तो म्हणाला.

"हौ? परभनी? मैं बिदर का. खाजा नाम है मेरा. हमारी फूफी ब्याही है परभनी में."

येडबानं त्याचा हात धरला. अडखळत त्याच बोलीत सांगितलं, माझा भाऊ याच मुलखात मेंढरं राखतो, त्या ड्रायव्हरचा नंबर माझ्याकडं आहे, एकदा लावून दे. नंबर त्यानं बनियनच्या खिशात ठेवला होता. खाजानं इकडंतिकडं पाहिलं, आपला फोन काढला आणि पिंजऱ्याच्या आडोशाला नंबर लावून येडबाच्या हातात दिला.

नशीब बघा, त्या दिवशी पाण्याचा टँकर सटवाजीकडंच गेलेला होता. ड्रायव्हरनं हाक मारली. बराच वेळ वारा ऐकू आला. मग सटवाजीचा आवाज, "कोन?"

"सटवा, म्या येडबा. शारजात हाय."

पलीकडं वारा घोंगावला.

"बोकडं घिऊन आलोय इमानात. खरंच हाय. सटवा, तीन तास लागले रं! तीन तास! तू लय लांब, लय लांब म्हन्लास. नऊ वरसं झाली. माय गेली वाट बगून. तीन तासाच्या वाटंवर व्हतास तू!" बोलता बोलता येडबाचा आवाज चढला. सगळा धक्का रागात उतरला होता. "कामून आला न्हाईस?"

"दादा," सटवाजी म्हणाला. मग थांबला. मग एकदम भडाभडा बोलला. "वाट किती हाय ती मला काय म्हाईत? येतानी डोळे मिटून बसलो व्हतो. दादा, माजा पासपोर्ट मालकाकडं हाय. आलो त्या दिशीच घेतला. कागदाची मुदत सरून पाच वरसं झाली. त्यानं वाढवून दिली न्हाई. बाहीर पडलो तर पोलीस धरतील म्हनतो. हितं वाळूत चारशे जनावरं आन् म्या येकटा. टँकर येतो तेवढंच मानूस दिसतं. घरी सांगू नगंस दादा. तिला सांगू नगंस."

"आन् ते वीस दिस? तू गेलास तव्हा वीस दिसानं फोन केलास..."

"मुंबईत खोलीत कोंडून ठिवलं व्हतं एजंटानं, कागद येस्तवर."

फोन कट झाला. खाजा बाजूलाच उभा होता. भाषा सगळी कळली नसली तरी 'पासपोर्ट मालकाकडं' एवढं त्याला कळलं होतं. असे अडकलेले लोक त्यानं पुष्कळ पाहिले होते. त्यानं विचारलं, जागा कुठली? येडबाला ठाऊक नव्हतं. "ड्रायव्हर से पूछ लेता मैं," खाजा म्हणाला, "नंबर मेरे में आ गया ना." येडबानं आपलाही नंबर त्याला लिहून घ्यायला लावला आणि खारोड्यांचं गाठोडं त्याच्या हातात दिलं. ते माघारी न्यायचं नव्हतंच.

विमान रिकामं झालं, पत्रा धुतला आणि ते माघारी निघालं.  विमानाच्या रिकाम्या पोटात तीन तास येडबाला वीस दिवसांसारखे गेले.

आता तो लिंबाखाली बसला होता आणि भिवराबाई विचारून विचारून थकली होती. शेवटी तो म्हणाला, "तीन तास लागतात."

"कशाला?"

"सटवाच्या मुलकात जायाला. तीन तास. दुपार व्हायच्या आत पोचलो."

भिवराबाईनं हातातला तांब्या खाली ठेवला. तिलाही पहिली आठवली ती सासूच. ती त्याच्याशेजारी जमिनीवर बसली. दोघांपैकी कुणीच दुसऱ्याकडं पाहिलं नाही.

दैवशाला गोठ्याच्या दारात उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. ती पुढं आली. पदर डोक्यावरून घसरला होता तो तिनं सावरला नाही. नऊ वर्षांत पहिल्यांदाच ती दिराच्या डोळ्यांत बघून बोलली.

"तीन तास? आन् त्ये नऊ वरसं आले न्हाईत?"

येडबानं तांब्या उचलून पुन्हा खाली ठेवला.

"म्या समजत व्हते, वाटंनं अडवलंय. वाटंचाच राग करत व्हते म्या. तीन तासावं बसून मानूस येत न्हाई म्हंजे त्येला यायचंच न्हाई. दुसरं घर केलं असंल. सांगा ना दादा, खरं सांगा. दुसरी बाई हाय का?"

"आगं, न्हाई..." भिवराबाई म्हणाली.

"अक्का, तुमी नगा बोलू. तुमाला काय म्हाईत?" ती घरात गेली आणि आपली लुगडी गाठोड्यात बांधायला लागली. "म्या माज्या मायच्या घरी चालले ताडकळसला. आता हितं कुनाची वाट बगू?"

भावानं सांगू नकोस म्हणून सांगितलं होतं. येडबा उठला आणि दारात आडवा उभा राहिला. "दैवशाला, आईक. त्येला बांधून घातलंय." आणि त्यानं सगळं सांगितलं. पासपोर्ट, मुदत, वाळू, टँकर.

दैवशालाच्या हातातलं लुगडं तसंच राहिलं. ती रडली नाही. तिनं विचारलं, "जनावराला बांधत्यात तसं?"

"तसंच."

"आन् म्या त्येच्या नावावं दुसरी बाई लावली," ती म्हणाली, आणि भिंतीला धरून खाली बसली.

त्या दिवसापासून दैवशाला बदलली. फोन येडबाचा असायचा, पण खाजाशी बोलायची ती. पहिल्यांदा तिला शब्द सापडेनात. मग ती सरळ मराठीत बोलायची आणि तो दखनीत, आणि दोघांचं एकमेकांना कळायचं. खाजानं ड्रायव्हरकडून जागा विचारून घेतली. एका सुट्टीच्या दिवशी तो स्वतः तिथं जाऊन आला. शहरापासून गाडीनं तीन तासांवरच होती ती जागा, म्हणजे विमानाला लागतो तेवढाच वेळ. त्यानं फोनवरून फोटो पाठवला. पत्र्याचं एक छप्पर आणि त्याच्यापुढं एक पांढऱ्या दाढीचा माणूस. येडबानं फोटो जवळ धरला, लांब धरला.

"ह्यो कोन म्हातारा?"

दैवशालानं फोटोवर एकदाच नजर टाकली. "त्येच हायेत," ती म्हणाली.

पावसाळा सरता सरता खाजाचा फोन आला, की तिकडच्या सरकारनं मुदत संपलेल्या लोकांना दंड न भरता घरी जायची सूट दिली आहे, ठरावीक महिन्यांत निघायला हवं. पासपोर्ट मालकाकडं असला तरी आपल्या वकिलातीतून घरी जाण्यापुरता कागद मिळतो. पण सटवाजी घाबरत होता. मालकानं धरलं तर? पोलिसांनी उचललं तर? खाजानं समजावलं, येडबानं समजावलं. तो "बगू" म्हणायचा. एकदा दैवशालानं फोन हिसकावून घेतला.

"आवं, आयका. तुमी तिथून निगा. चालत निगा. तुमाला चालनं नवं हाय का? तीन तासाची वाट हाय म्हनं. म्या नऊ वरसं काडली, आता मला तीन तास बी काडवंनात."

 पुढच्या खेपेला टँकर परत जाताना सटवाजी त्यात बसला होता. ड्रायव्हरनं त्याला रस्त्यावर सोडलं, तिथून खाजानं उचललं. बोटांचे ठसे, वकिलात, रांगा, पुन्हा रांगा, यात महिना गेला. तो खाजाच्या खोलीत सहा माणसांमध्ये राहिला. बिदरच्या माणसानं परभणीच्या माणसाला महिनाभर जेवू घातलं आणि एकदाही ते बोलून दाखवलं नाही.

दिवाळीला दहा-बारा दिवस उरले असताना सटवाजी विमानानं हैदराबादला उतरला आणि रेल्वेनं परभणीला आला. येडबा आणि दैवशाला स्टेशनवर उभे होते. गाडीतून एक वाळलेला, वाकलेला माणूस उतरला आणि गर्दीत तसाच उभा राहिला. लोक अंगावरून जात होते, त्याला बाजूला व्हायचं सुचत नव्हतं. येडबा त्याच्यापुढून दोन पावलं पुढं गेला होता. दैवशालानं मागून बाही ओढली.

"दादा, मागं ऱ्हायले त्ये."

सटवाजी भावाच्या पाया पडला. बायकोकडं त्यानं पाहिलं आणि लगेच नजर खाली घातली. मग म्हणाला, "हैदराबादपस्तोर लवकरच आलो. डोळा लागला व्हता, तव्हर आलंच." ते सांगताना तो एवढा गोंधळलेला होता, की जणू कुणी त्याला फसवून भलतीकडंच उतरवलं होतं. नऊ वर्षं वाळूतून तो आभाळातली विमानं बघायचा, आणि ती किती लांब जातात याचा अंदाज बांधायचा. त्या अंदाजात घर नेहमी कित्येक दिवसांच्या वाटेवर असायचं.

वस्तीवर आल्यावर दुसऱ्या दिवशी त्यानं आईला माती दिली ती जागा विचारली. दोघे भाऊ तिथं जाऊन बसले. येडबानं त्या आठ दिवसांतलं काहीच लपवलं नाही. निगालाय म्हणून सांगितलं, समुद्राचं सांगितलं, फोन केलाच नाही हेही सांगितलं.

सटवाजी मातीतला एक खडा उचलून बोटांनी फोडत राहिला. "केला असतास तरी आलो नसतो दादा," तो शेवटी म्हणाला. "तव्हा बी पासपोर्ट त्येच्याकडंच व्हता."

"पर तुला कळलं तरी असतं. आवाज तरी आईकला असता तिनं तुजा."

सटवाजीनं हातातली माती त्या जागेवर पसरली. 

घरात त्याला झोप यायची नाही. छपराखाली जीव घुसमटतो म्हणायचा आणि अंगणात बाज टाकायचा. माणसं भेटायला आली की दोन-चार वाक्यांत थकायचा. दिवाळी झाली, येडबा खांडवा काढायला लागला, तेव्हा सटवाजी म्हणाला, "यंदा म्या जातो."

"आत्ताच तर आलास!" भिवराबाई ओरडली. "पुन्यांदा मेंढरांमागं?"

"मला दुसरं काय येतंय वैनी?"

दैवशाला आत गेली आणि आपली लुगडी बांधून बाहेर आली. मेंढपाळांच्या फिरत्या वाड्याबरोबर ती आजवर कधी गेली नव्हती. ती वस्तीवरच राहायची, वाट बघायला कुणीतरी घरी लागतं म्हणून. तिनं कुणाला विचारलं नाही आणि कुणी तिला नको म्हटलं नाही.

पहिल्या दिवशी माळ उतरताना खांडव्यातली दहा-वीस मेंढरं फुटून एका तुरीच्या रानात शिरायला लागली. सटवाजीनं हाताचा कर्णा करून आरोळी दिली. ती आरोळी अरबाच्या मुलखातली होती, जिभेनं टाळूवर वाजवलेली, घशातून खोल ओढलेली. मेंढरांनी माना वर केल्या आणि जागच्या जागी उभी राहिली. कुणाला काही कळेना. त्यानं पुन्हा तशीच आरोळी दिली. मेंढरं पुन्हा तशीच बघत राहिली.

सटवाजीचा चेहरा पडला. "इसरलो म्या," तो म्हणाला. "आपल्याकडं कसं म्हनत्यात, त्येच इसरलो."

दैवशाला पदर कमरेला खोचून पुढं झाली. "हुर्रर्र, हो, हो!" तिनं वस्तीवरच्या कोकरांना रोज घालायची तशी साद घातली. तुरीच्या कडेची मेंढरं वळली आणि धुरळा उडवत खाली आली.

"पुन्यांदा म्हन," सटवाजी म्हणाला.

ती म्हणाली. मग त्यानं म्हणून बघितलं. जमलं नाही. तिला हसू आलं. तिनं परत म्हणून दाखवलं, आणि दोघं गंगाखेडच्या अंगाला चालायला लागले.